साइडमाउंटमध्ये पाय खाली पडतात, टाकीचं बूड वर येतं, शेवटी थांबता येत नाही: शिसं वाढवण्याआधी काय तपासायचं

साइडमाउंट करणाऱ्यांकडून, म्हणजे हवेच्या टाक्या पाठीवर न घेता अंगाच्या दोन्ही बाजूंना अडकवणाऱ्या स्कूबा डायव्हर्सकडून, मी वर्षानुवर्षं एकच तक्रार ऐकतोय, फक्त शब्द बदलतात. "पाय खाली पडतात." "टाक्या बाजूला न राहता वर तरंगतात." "शेवटी पाच मीटरवर थांबताच येत नाही" (वर येण्याआधीचा थांबा). माझ्याकडे येण्याआधी बहुतेकांनी करून पाहिलेला उपायही एकच असतो, कमरेच्या पट्ट्यावर आणखी दोन किलो शिसं, म्हणजे खाली राहण्यासाठी बांधायचं वजन. त्याने एक डायव्ह बरी जाते, मग दुसरंच काहीतरी बिघडतं.

बहुतेक वेळा शिसं कमी नसतंच. ते चुकीच्या जागी असतं, नाहीतर टाकी चुकीच्या जागी अडकवलेली असते. म्हणून खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या तिन्हींना पैसा लागत नाही. शेवटचीला भरपूर लागतो, आणि तिथपर्यंत जायची वेळ फार थोड्यांवर येते.

ज्यांचं साइडमाउंटचं प्रशिक्षण झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळे प्रयोग उथळ, उघड्या पाण्यात, जोडीदाराला बरोबर घेऊन करायचे. डोक्यावर छत असलेल्या जागी, म्हणजे गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या आत, एक क्लिपसुद्धा (टाकी अंगावरच्या पट्ट्यांना अडकवायचा हूक) पहिल्यांदा बदलून पाहायची नाही.

लक्षणं

थांबलात की छाती वर आणि पाय खाली जातात, आडवं राहायला सतत फिन्स (पायातली वल्ही) माराव्या लागतात. किंवा उलट, डोकं खाली आणि पाय वर. शरीर एका बाजूला कलतं. टाकीचं बूड पाठीच्या वर उचललं जातं आणि टाकी खांद्यापाशी लोंबते. विंगमध्ये (पाठीवरच्या, हवा भरून उचल देणाऱ्या पिशवीत) हवा भरणं आणि सोडणं थांबतच नाही. डायव्हच्या सुरुवातीला सगळं छान असतं, शेवटच्या दहा मिनिटांत वर खेचल्यासारखं होतं.

लक्षणाइतकंच महत्त्वाचं म्हणजे ते कधी दिसतं. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तसंच राहत असेल तर वजनाच्या जागेत दोष आहे. हळूहळू वाढत जात असेल तर टाक्या आणि त्यांच्या क्लिपा बघा. फक्त शेवटी येत असेल तर विंगमध्ये अडकलेली हवा आणि वजनाचं माप बघा. डायव्ह संपल्यावर वहीत दोन ओळी लिहून ठेवा: काय झालं, आणि तेव्हा दोन्ही टाक्यांच्या गेजवर (दाब दाखवणाऱ्या तबकडीवर) किती बार, म्हणजे किती दाब, होता. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

पहिली तपासणी: तीस सेकंद काहीही करू नका

तीन-चार मीटर खोलीवर स्थिर व्हा. हात पुढे, गुडघे वाकलेले, मांड्या शरीराच्या रेषेत. मग फिन्स पूर्ण थांबवा, नेहमीसारखा श्वास चालू ठेवा आणि शरीर कुठे वळतं ते बघा. जोडीदाराला बाजूने व्हिडिओ घ्यायला सांगा.

चालत्या फिन्स प्रत्येक दोष झाकतात, म्हणून ही तपासणी. पाय जड असलेला माणूस नकळत खालच्या दिशेने लाथ मारत राहतो आणि स्वतःला आडवा समजतो. व्हिडिओ बघितल्यावर त्याला पटतं. त्याच व्हिडिओत मांडी खाली सोडलेली दिसली किंवा डोकं पार खाली घातलेलं दिसलं, तर आधी तेवढंच सुधारा. मान किंचित वर उचलून पुढे बघा. नुसत्या मांड्या सरळ केल्याने सुटलेल्या केसेस मी पुष्कळ पाहिल्यात.

श्वासही बघा. घाबरलेला डायव्हर अर्धी फुप्फुसं भरलेलीच ठेवून वरवरचा श्वास घेतो. ती जास्तीची एक-दोन लिटर हवा एक-दोन किलो उचल देते, आणि त्याला वाटतं शिसं कमी पडलं. श्वास रोखायचा नाही. फक्त बाहेर सोडताना तो पूर्ण सोडायचा.

दुसरी: दोन्ही गेज

एका बाजूला कलत असाल तर आधी दोन्ही टाक्यांतला फरक वाचा. 11.1 लिटरच्या ॲल्युमिनियम टाकीत 50 बार म्हणजे साधारण 555 लिटर हवा, आणि तिचं वजन पाऊण किलोच्या थोडं खाली. उजवी टाकी 150 वर आणि डावी 80 वर असेल तर एका बाजूला जवळजवळ एक किलो जास्त लटकतंय. यावर उपाय शिशाचा नाही, एका टाकीच्या रेग्युलेटरवरून (तोंडात धरून श्वास घ्यायच्या उपकरणावरून) दुसऱ्या टाकीच्या रेग्युलेटरवर वेळेवर जाण्याचा आहे. मी 30 बारचा फरक पडला की बदलतो. 50 पर्यंत चालवून घेता येतं, त्यापुढे नको. हवेचा साठा दोन्हीकडे सारखा राहणं हा यातला खरा फायदा आहे, तोल त्याच्याबरोबर येतोच.

गेज सारखे असूनही कलत असाल तर दोन्ही बाजूंच्या क्लिपा आणि बंजी (टाकीचं वरचं टोक धरणारी लवचिक दोरी) एकाच उंचीवर आहेत का ते बाहेर आरशासमोर उभं राहून बघा. हार्नेसचा (अंगावरच्या पट्ट्यांच्या जाळीचा) एक पट्टा दोन बोटं जास्त ओढलेला असतो आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी: विंगमधली हवा कुठे बसलीय

साइडमाउंटच्या बहुतेक विंगमध्ये हवेचा मोठा भाग कमरेच्या, कुल्ल्यांच्या वर असतो. विंग सैल असेल तर ती पाठीवर उंच चढते, हवा खांद्यांकडे जाते आणि पाय पडतात. खालची बंजी किंवा क्रॉच स्ट्रॅप (मांड्यांमधून जाणारा पट्टा) आवळून विंग जागेवर आणा. पाय वर जात असतील तर खालच्या टोकाला हवा अडकलीय का बघा. शरीर थोडं कलतं करून, डंप व्हॉल्व्ह (हवा सोडायची झडप) सगळ्यात उंच जागी आणून दोरी ओढा. व्हॉल्व्ह उंच नसेल तर दोरी कितीही ओढली तरी बुडबुडा येत नाही आणि डायव्हर समजतो विंग रिकामी झाली. शेवटी वर खेचलं जाण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे, आणि त्याचा वजनाशी काही संबंध नसतो.

ड्रायसूटवाल्यांनी (आत पाणी न येता हवा राहणारा सूट घालणाऱ्यांनी) हाच विचार पायांतल्या हवेबद्दल करावा.

चौथी: क्लिपा आणि बंजी

इथे जरा थांबतो, कारण सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो.

11.1 लिटरची ॲल्युमिनियम टाकी भरलेली असताना पाण्यात पाऊण किलोच्या आसपास जड असते आणि रिकामी झाली की दोन किलोच्या आसपास तरंगते. व्हॉल्व्हच्या बाजूला रेग्युलेटरचं वजन असतं आणि ते टोक बंजीने काखेपाशी धरलेलं असतं. म्हणून तरंगायला लागते ती दुसरी बाजू, बूड. टाकीतली हवा निम्म्याकडे येईतो बूड उचललेलं दिसायला लागतं. हा टाकीचा दोष नाही, ॲल्युमिनियमचा स्वभावच तो.

उपाय असा. सुरुवातीला खालची क्लिप कमरेच्या मागच्या किंवा बाजूच्या डी-रिंगला (डी आकाराच्या कडीला) असते. बूड उचललं की ती काढून कमरपट्ट्याच्या पुढच्या डी-रिंगला लावायची. आडव्या डायव्हरच्या पोटाची बाजू खाली असते, त्यामुळे पुढची रिंग टाकीचं बूड खाली ओढून धरते. सरकती डी-रिंग असेल तर नुसती पुढे सरकवायची. दोन्ही टाक्यांना एकाच वेळी हे करा, नाहीतर एक वर आणि एक खाली राहते.

क्लिप सरकवूनही बूड वरच असेल तर टाकीवरचा पट्टा कुठे आहे बघा. तो व्हॉल्व्हच्या फार जवळ बांधलेला असेल तर क्लिपच्या मागे टाकीचा लांब भाग मोकळा राहतो आणि तोच तरंगतो. पट्टा एका वेळी दोन-तीन सेंटीमीटर बुडाकडे सरकवा आणि पुन्हा पाण्यात बघा. क्लिपची दोरी जितकी लांब तितकी टाकी मोकळी हलते, म्हणून तीही आखूड करा. बंजी ढिली पडली असेल तर व्हॉल्व्ह काखेत न बसता पुढे लोंबतो. जुनी बंजी बदलायला फारसा खर्च येत नाही आणि ती दर काही महिन्यांनी बदलायचीच असते.

टाकीच्या बुडापाशी एक किलो शिसं बांधण्याची पद्धतही आहे. चालते, पण मला आवडत नाही. अरुंद जागेत टाकी काढून पुढे ढकलली किंवा कुणाला दिली, की तुमचं एक किलो तिच्याबरोबर जातं आणि नेमक्या अवघड वेळी तुम्ही हलके होता.

आता दोन पद्धतींबद्दल, कारण चुका त्यांच्या मिश्रणातूनच जन्मतात. टाक्या बाजूला लावणं ब्रिटनमधल्या अरुंद, पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये सुरू झालं. फ्लोरिडातल्या गुहांमध्ये लांब पोहायचं असल्याने त्यात विंगची भर पडली. फ्लोरिडात स्टीलच्या जड टाक्या वापरतात, आणि त्यांची बुडं खाली पडू नयेत म्हणून कुल्ल्यांवर पट्टी आणि तिच्यावर क्लिपांसाठी दांडी असते. मेक्सिकोतल्या सेनोटेंमध्ये (पाण्याने भरलेल्या नैसर्गिक विवरांमध्ये) ॲल्युमिनियमच्या टाक्या, सडसडीत हार्नेस आणि पुढे सरकवायच्या क्लिपा. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. फ्लोरिडाची पट्टी बांधायची, टाक्या ॲल्युमिनियमच्या घ्यायच्या आणि क्लिप पुढे आणायचीच नाही, असं केलं की बूड वर येणारच.

पाचवी: शिसं किती, ते शेवटी ठरवा

वजन तपासायचं ते डायव्हच्या शेवटच्या अवस्थेत, टाक्या जवळजवळ रिकाम्या असताना. भरलेल्या टाक्या घेऊन पृष्ठभागावर तरंगून केलेली तपासणी साइडमाउंटमध्ये फसवते, कारण दोन टाक्यांतली हवाच साडेपाच किलोच्या आसपास असते. आज त्या हवेने तुम्हाला खाली धरलं, चाळीस मिनिटांनी ती नसेल.

खऱ्या डायव्हचा राखीव साठा यासाठी जाळू नका. वापरलेल्या, 30-40 बार उरलेल्या दोन टाक्या घेऊन मुद्दाम तीन-चार मीटरच्या पाण्यात जा. खाली लोंबणारी दोरी असेल तर उत्तम.

मी शिकवताना ते असं दिसतं. विद्यार्थी दोरीपाशी आडवा आहे. अंगठा आणि तर्जनीचं कडं दोरीभोवती, दोरीला न टेकता. दोरीला मी आधीच एक गाठ मारलेली असते आणि त्याचा मास्क त्या गाठीच्या पातळीवर असतो. तो विंग पूर्ण रिकामी करतो, मी मागून हाताने दाबून खात्री करतो. मग दोघेही वाट बघतो. श्वास आत गेला की गाठ मास्कच्या खाली सरकते, श्वास सुटला की परत वर येते. ती मधेच रेंगाळत राहिली तर वजन बरोबर आहे. बोटांचं कडं दोरीवर घट्ट होऊ लागलं की समजायचं, तो वर जातोय आणि स्वतःला धरून ठेवतोय. मी अर्ध्या किलोचा तुकडा त्याच्या खिशात सरकवतो आणि पुन्हा वाट बघतो. तो बुडत असेल तर अर्धा किलो काढतो. एका वेळी अर्धा किलो, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक बदलानंतर किमान एक मिनिट.

हेच 50 बारवर केलं आणि तिथे तोल बरोबर जमला, तर टाक्या पूर्ण रिकाम्या झाल्यावर तुम्ही साधारण 1.3 किलोने हलके पडता. ती वेळ अडचणीचीच असणार, जोडीदाराला हवा देताना वगैरे, आणि नेमकं तेव्हाच पाच मीटरवर थांबता आलं पाहिजे. म्हणून 30-40.

जास्त शिसं का नको हे एकदा आकड्यात बघा. एक लिटर हवा साधारण एक किलो उचलते. गरजेपेक्षा चार किलो जास्त बांधलेत तर विंगमध्ये कायम चार लिटर जास्तीची हवा ठेवावी लागते. 10 मीटरवर दाब 2 बार असतो, 5 मीटरवर दीड. तीच चार लिटर हवा 5 मीटरवर येईपर्यंत 5.3 लिटर होते, म्हणजे काहीही न करता सव्वा किलोहून जास्त उचल वाढली. ती विंगमध्ये पुढे-मागे सरकते ते वेगळंच. "शेवटी वर खेचला जातो" म्हणून शिसं वाढवणारा माणूस ही उचल स्वतःच विकत घेत असतो. मी स्वतः एक संपूर्ण हंगाम असा काढलाय. पाय पडायचे, मी कमरेला शिसं वाढवायचो, विंग फुगायची, पाय आणखी पडायचे. वरच्या दोरीच्या तपासणीत चार किलो निघाले.

सहावी: तेच शिसं, दुसरी जागा

माप पक्कं झालं की मगच जागा. पाय पडत असतील तर कमरेचं एक किलो काढून पाठीच्या कण्याच्या रेषेत, खांद्याच्या पात्यांखालच्या खिशात ठेवा. पाय वर जात असतील तर उलट. एक किलो 30 सेंटीमीटर सरकवणं म्हणजे दोन किलो 15 सेंटीमीटर सरकवण्याइतकंच, त्यामुळे थोडं वजन लांब नेऊन भागतं. फिन्सही यात धरा. जाड रबराच्या फिन्स पाय खाली ओढतात, हलक्या प्लास्टिकच्या नाही. पोटरीवर वजनं बांधणं मी टाळतो, प्रत्येक लाथेला ते वजन फिरवावं लागतं.

शिसं कण्यावर ठेवण्यात एक धोका आहे, तो माहीत असू द्या. हार्नेसखालचं शिसं पाण्यात टाकून देता येत नाही. पृष्ठभागावर विंग निकामी झाली तर काय सोडणार हे आधी ठरलेलं हवं. उघड्या पाण्यात, वेटसूटमध्ये (निओप्रीन या फुगीर रबराच्या सूटमध्ये) मी एक-दोन किलो तरी सहज सोडता येतील असे ठेवतो, पण इतके नाही की ते चुकून सुटल्यावर मी बाटलीच्या बुचासारखा वर जाईन.

सातवी: पाणी आणि सूट

समुद्रातलं माप गोड्या पाण्यात चालत नाही. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं. सामानासह तुमचं एकूण वजन 110 किलो असेल तर गोड्या पाण्यात सुमारे पावणेतीन किलो शिसं कमी लागतं. सूट बदलला, नवा घेतला, आत हूड घातलं की दोरीची तपासणी पुन्हा. जुना निओप्रीन चपटा होतो आणि कमी तरंगतो, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा आकडा आज खरा असेलच असं नाही.

आठवी: टाक्या किंवा विंग बदलणं

इथपर्यंत सगळं करूनही दोष राहिला, तरच खर्चाचा विचार.

पातळ वेटसूट आणि दोन स्टीलच्या टाक्या अंगावर असतील, एकही शिसं नसेल आणि तरी दोरीपाशी बुडत असाल, तर क्लिपा बदलून काही होणार नाही. स्टीलची टाकी बहुधा रिकामी झाल्यावरही जडच राहते. इथे टाक्या बदलाव्या लागतात. याला आळस करू नका, कारण हा आरामाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. डायव्हच्या सुरुवातीला हवेचे पाच-साडेपाच किलो अंगावर असतात. 30 मीटरवर दाब 4 बार होतो आणि दाबलेला वेटसूट आणखी दोन-तीन किलो उचल गमावतो. त्यात टाक्यांचं कायमचं ओझं. विंग फाटली तर एवढं वजन पोहून वर आणता येईल का, हे उथळ पाण्यात करून बघा, अंदाज बांधू नका. येत नसेल तर उचलीचं दुसरं साधन हवं: ड्रायसूट, दुहेरी ब्लॅडरची (आत हवेच्या दोन पिशव्या असलेली) विंग, नाहीतर हलक्या टाक्या.

विंग मोठी घेतल्याने तोल सुधारत नाही. माप बरोबर असेल तर ॲल्युमिनियमच्या दोन टाक्यांना 11-12 किलो उचल देणारी विंग साधारण पुरते. मोठ्या विंगमध्ये थोडी हवा जास्त भटकते. थंड पाणी, जाड सूट किंवा जास्तीच्या टाक्या असतील तर गोष्ट वेगळी.

कुठे थांबायचं

एकदाही ताबा सुटून वर आलात तर त्या दिवसाचं डायव्हिंग संपलं. प्रयोग पुढे चालू ठेवायचे नाहीत. सांधे दुखणं, मुंग्या येणं, एखाद्या हातापायातली शक्ती जाणं, चक्कर, धाप, असामान्य थकवा, यातलं काहीही जाणवलं तर आडवं झोपवून शंभर टक्के ऑक्सिजन द्या आणि लगेच तातडीची वैद्यकीय सेवा बोलवा. "परत खाली गेलो की बरं वाटेल" म्हणून पाण्यात उतरायचं नाही.

इन्फ्लेटर (विंगमध्ये हवा भरायचं बटण) अडकतोय, आपोआप हवा भरतोय, विंग रात्रभर फुगलेली राहत नाही, डंप व्हॉल्व्ह गळतोय: हे तंत्रज्ञाचं काम. टाकीच्या आट्यांवर गंज दिसला, टाकीला पोचा पडलाय किंवा चाचणीची मुदत संपलीय, तर ती भरायलाही देऊ नका. रेग्युलेटर तुम्ही स्वतः उघडायचा नाही.

सातव्या तपासणीपर्यंत येऊन सलग तीन डायव्ह झाल्या आणि लक्षण हललं नाही, तर चौथी डायव्ह एकट्याच्या डोक्याने करू नका. रोज स्वतः साइडमाउंट करणारा प्रशिक्षक शोधा. नुसतं प्रमाणपत्र असलेला नको. त्याला बाजूने आणि मागून घेतलेले दोन व्हिडिओ आणि ती वही दाखवा: टाकीचा प्रकार, सूटची जाडी, गोडं पाणी की खारं, शिसं किती आणि कुठे, त्रास सुरू झाला तेव्हा दोन्ही गेजवर किती बार. एवढं हातात असेल तर पहिला तास अंदाज बांधण्यात जात नाही, थेट दोरीपाशी जाता येतं.